पटावरचे पथक आणि माळावरचे शिबिर : सोलापुरातील स्काऊट-गाईड चळवळ चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील स्काऊट-गाईड चळवळीचे पदाधिकारी, शिक्षण विभागाचे अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,

स. न. वि. वि.

सभासद नोंदणीचा विषय आपल्याकडे जून-जुलैत निघतो. शिबिराच्या सुरक्षिततेचा विषय निघाला तर डिसेंबरात, मंडप ठरवताना निघतो. दोन्ही बैठका वेगळ्या, माणसे वेगळी आणि फायलीही वेगळ्या. आमचे म्हणणे असे आहे की हे दोन विषय नाहीत, एकच आहे. पट खरा नसेल तर त्या पटाच्या जोरावर भरवलेले शिबिर सुरक्षित राहूच शकत नाही. म्हणून हे पत्र आधी पटाबद्दल आहे आणि मग माळाबद्दल.

पटावरचे पथक कसे तयार होते ते आपल्याला ठाऊकच आहे. नूतनीकरणाची तारीख जवळ येते, वर्गशिक्षक हजेरीपटावरून बत्तीस नावे उतरवून देतात, शुल्क भरले जाते आणि पथक ‘चालू’ होते. त्याची जबाबदारी ज्या शिक्षकावर येते त्याचे मूलभूत प्रशिक्षण झालेले असतेच असे नाही. पुष्कळदा तो शाळेत सगळ्यांत नवा असतो, एवढीच त्याची पात्रता. आठवड्याची सभा होत नाही. आपण कोणत्या संघात आहोत हे मुलाला सांगता येत नाही. मग राज्य पुरस्काराची चाचणी जवळ येते. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रश्न असतो, म्हणून पालकही मागे लागतात. जे दोन वर्षांत थोडे थोडे शिकायचे ते तीन दिवसांच्या शिबिरात उरकले जाते. ज्या मुलाने कधी चूल पेटवलेली नाही, त्याला आठ जणांचा भात शिजवायला बसवले जाते. क्लोव्ह हिच ही दोराची साधी गाठ आदल्या रात्री शिकलेली मुलगी सकाळी मनोऱ्याची बांधणी करते. माळावरच्या अपघाताची सुरुवात इथे होते. मूल पडते किंवा भाजते तो क्षण फार नंतरचा असतो.

पटाची दुसरी बाजूही तितकीच धोक्याची आहे. ज्यांची नावे पटावर नाहीत पण जी शिबिरात आहेत, अशी मुले. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची मैत्रीण, ऐनवेळी एखाद्या गैरहजर मुलाच्या जागी आलेले कुणी. या मुलाचा आरोग्य तक्ता आपल्याकडे नसतो. पालकांचा फोन नसतो, संमतीपत्र नसते, आणि काही झाले तर विमाही नसतो, कारण विमा यादीतल्या नावाला असतो. गैरहजर मुलाच्या नावावर दुसरे मूल मोजले गेले की रात्रीची हजेरी बत्तीस भरते आणि तरीही चुकलेली असते.

संघ सहा ते आठ जणांचा आणि पथक चार संघांचे, ही रचना कवायतीच्या सोयीसाठी झालेली नाही. संघनायक स्वतः बारा-चौदा वर्षांचा असतो. आठ चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर राहतात. बारा झाले की तो डोकी मोजू लागतो, चेहरे ओळखणे थांबते. बत्तीसच्या पुढे गेलात तर दुसरे पथक काढा आणि त्याला दुसरा प्रशिक्षित प्रौढ द्या. तो मिळत नसेल तर मुले थांबवून ठेवा. थांबलेले मूल पुढच्या वर्षी येईल.

आमची पहिली मागणी यातूनच येते. निवासी शिबिराची यादी शुल्काच्या पावतीवरून करू नये, सभेच्या हजेरीवरून करावी. वर्षात निदान आठ सभा आणि एक दिवसाची हाईक झालेले मूलच मुक्कामी न्यावे. ज्या पथकाच्या आठ सभाच झालेल्या नाहीत त्याला त्या वर्षी मुक्काम नको. यामुळे जिल्ह्याची सभासद संख्या कागदावर घटेल, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. वरिष्ठ कार्यालयाला घटलेला आकडा कळवणे अवघड असते, हेही मान्य. तरी तो कळवावा.

आणि खरे सभासद वाढवायला जागा किती आहे, ते पाहा. ही चळवळ मूळ, वंश, पंथ असा भेद न करता सर्वांना खुली आहे, असे तिच्या व्याख्येतच लिहिले आहे. १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर भरले, तेव्हा बेडन-पॉवेल यांनी श्रीमंतांच्या शाळेतली मुले आणि कामकऱ्यांची मुले जाणीवपूर्वक एकत्र घेतली आणि चार संघांत वाटली. सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत. संमतीपत्र मात्र बहुतेक ठिकाणी एकाच भाषेत जाते. विडी वळणाऱ्या आईला किंवा यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या वडिलांना ते वाचता आले नाही, तर सही मिळते पण संमती मिळत नाही. मुलीला फिट येते, ही गोष्ट त्या कागदावर कधी उमटत नाही. चारही भाषांत एक पानाचा अर्ज छापायला फार खर्च येत नाही. गणवेशाचेही तेच. शालेय गणवेशाच्या शिलाईसाठी ज्या शहराचे नाव देशभर घेतले जाते, तिथे गणवेश नाही म्हणून मूल पथकाबाहेर राहावे, हे मनाला लागते. पहिले वर्ष स्कार्फवर काढू द्या. गणवेश खरी कमाईतून, म्हणजे मुलांनी कामे करून मिळवलेल्या पैशातून, किंवा शाळेच्या निधीतून मागाहून होईल. मुलींच्या बाबतीत अडचण बहुधा एकच असते. मुक्कामी यायला गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख शिक्षिका नसते, म्हणून मुलींचे शिबिर रद्द होते, मुलांचे होते. महिला प्रौढ नसेल तर मुलींना न्यायचे नाही, हा नियम बरोबरच आहे. पण दोन वर्षे सलग हेच घडत असेल, तर शाळेने कॅप्टन तयार केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अर्जावर काय हवे, हेही सांगतो. जन्मतारीख, पालकांचे दोन फोन आणि त्यांपैकी एक घराबाहेरच्या नातेवाइकाचा. दमा, आकडी, हृदयाचा आजार, मधुमेह, पूर्वी झालेला उष्माघात, शेंगदाणा किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी, चालू औषधे आणि त्यांच्या वेळा, रात्री झोपेत उठून चालण्याची सवय, पोहता येते की नाही. खाली शिबिराचे ठिकाण, सर्व उपक्रमांची नावे, सोबत येणाऱ्या प्रौढांची नावे आणि सर्वांत जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, हे आपण पालकांना लिहून द्यायचे. ‘विद्यार्थ्यास काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ ही ओळ काढून टाका. तिने जबाबदारी टळत नाही. उलट ती वाचून पालक पुढचे काही वाचतच नाहीत.

आता माळाकडे वळतो.

जागा ठरवताना आपल्याकडे सावली आणि पाणी पाहतात. जमीन कुणी पाहत नाही. सोलापूरच्या काळ्या मातीचे दोन अवतार आहेत आणि दोन्ही तंबूला वाईट. कोरडी असताना तिला हातभर खोल भेगा पडतात. विंचू आणि साप उन्हापासून त्याच भेगांत उतरतात. ओली झाली की लाकडी खुंटी लोण्यात घातल्यासारखी सरकते आणि पहिल्याच वाऱ्यात तंबू बसतो. अशा जमिनीत दीड फुटी लोखंडी खुंटी लागते, तंबूच्या उलट बाजूला कललेली. तीही धरत नसेल, तर फूटभर खोल चर खणून त्यात दोर बांधलेला दगड किंवा ओंडका आडवा पुरावा. मुरमाड माळ केव्हाही बरा, पण तिथे लाकडी खुंटी शिरत नाही आणि मुले ती दगडाने ठोकताना बोटे चेचून घेतात. प्रत्येक संघाला एक घण द्या. तंबूंच्या ताणदोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा, कारण रात्री लघवीला उठलेले मूल त्यांतच अडकून पडते.

काळ्या मातीचा तिसरा धोका रस्त्याचा. अवेळी पाऊस झाला की शेतातल्या गाडीवाटेवर रुग्णवाहिका शिरत नाही, ट्रॅक्टरच लागतो. म्हणून शिबिराची जागा डांबरी किंवा पक्क्या मुरमाच्या रस्त्यापासून दोनशे मीटरच्या आत हवी. जागा पाहायला जाल तेव्हा मोबाइलला रेंज कुठे आहे ते चालत जाऊन तपासा आणि तिथे खुंटी ठोका. १०८ ला फोन करताना सांगायची वाक्ये कागदावर लिहून ती फोनजवळ ठेवा : तालुका, गाव, कोणत्या रस्त्याने किती किलोमीटर, वळणावरचे देऊळ किंवा शाळा, कोण आजारी आहे आणि काय झाले आहे. फोन झाला की दोन रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचे स्काऊट, बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहतील, हे आधीच नेमलेले असावे. रुग्णवाहिकेचा वेळ शेवटच्या अर्ध्या किलोमीटरातच जास्त जातो.

शेततळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. सांगोला, पंढरपूर, बार्शी या भागांत डाळिंब आणि द्राक्षांसाठी प्लास्टिकचे अस्तर लावलेली शेततळी जागोजागी आहेत. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल हा नेहमी दिसणारा आकार. काठ उतरता असतो, त्यावर जाड गुळगुळीत प्लास्टिक आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा थर. बादली भरायला वाकलेल्या मुलाचा पाय सटकला की ते घसरत थेट खोल पाण्यात जाते. पोहता येत असूनही बाहेर येता येत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसते. पायाला आधार नसतो, आणि दहा मिनिटांत दम संपतो. त्याला काढायला उतरलेला दुसरा तसाच घसरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच शेततळ्यात एकामागून एक जीव जातात ते यामुळे. कुंपण असले तरी फाटक उघडे असते.

म्हणून शेततळ्यापासून दोनशे मीटरच्या आत शिबिर नकोच. शेतमालकाची जागा चांगली आहे आणि शेततळे त्या अंतराच्या थोडेच पलीकडे आहे, अशी वेळ आली तर फाटकाला आपले कुलूप लावा, पाणी मोटारीने किंवा नळीने बाहेर घ्या आणि काठावर चार बाजूंना गाठी मारलेले चार दोर सोडून ठेवा. बारा मिलिमीटर जाडीचा दोर, दर फुटाला एक गाठ, वरचे टोक बांधावर पक्क्या खुंट्याला आणि खालचे पाण्यात. सोबत फुगवलेली ट्यूब आणि झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन. मुलांना शिकवायचा क्रम असा : आधी हाक, मग काठी, मग दोर किंवा कॅन फेकणे. पाण्यात उडी कुणीही मारायची नाही, प्रौढानेही नाही. दोर हातात नसेल तर लाठ्या आणि स्कार्फ जोडा. माणूस वर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गरगर फिरवणे यांत श्वासाचा वेळ जातो. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा, तीस दाब आणि दोन श्वास या क्रमाने, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. हे पाण्याच्या पिशवीवर किंवा उशीवर प्रत्येक स्काऊट मास्टरने, म्हणजे पथकप्रमुख शिक्षकाने, हाताने करून पाहिलेले हवे.

भीमा आणि सीना यांच्या पात्रांत वाळू उपशाचे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडते. वरून काहीच दिसत नाही. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडले की ऊन पडलेले असतानाही पंढरपूरला पात्र चढते. त्यामुळे ‘फक्त पाय धुवायला’ म्हणूनही पात्रात उतरायचे नाही. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम दाखवायचा तो काठावरून. शके ९४० चा मराठी शिलालेख वर देवळात आहे, तो पाहण्यातच मुलांचा दिवस सार्थकी लागतो. दगडखाणींत साठलेल्या पाण्याबाबत नियम एकच. तिकडे फिरकायचे नाही.

ऊन हा आपल्या जिल्ह्याचा सर्वांत ओळखीचा धोका, आणि त्यामुळेच सर्वांत दुर्लक्षित. ‘आपली पोरं उन्हातलीच आहेत’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येते. शाळेच्या वर्गात पंख्याखाली बसणारे मूल उन्हातले नसते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत हाईक सकाळी सहाला निघून साडेदहाला सावलीत पोहोचलेली असावी, आणि अकरा ते चार या वेळेत मैदानावर काहीही नको.

पाण्याचा हिशेब मांडून पाहा. दर वीस मिनिटांनी दोनशे मिलिलिटर म्हणजे तासाला सहाशे. चार तासांच्या हाईकला दोन लिटर चारशे. मुलांच्या पाठीवर एक लिटरची बाटली असते. ती पावणेदोन तासांच्या आतच संपते आणि उरलेला वेळ मूल कोरडे चालते. म्हणून प्रत्येकाकडे दोन लिटर आणि निम्म्या वाटेवर प्रत्येक संघासाठी दहा लिटरचा भरलेला जार हवा. तहान लागल्यावर नव्हे, शिटी वाजल्यावर प्यायचे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामे करायचे. ग्लासभर पाण्यात ओतलेले पाकीट मिठाने इतके दाट होते की अपाय करते. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हाईकच्या शिदोरीला आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी उत्तम, दिवसभर नासत नाही. फक्त शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याचे नाव आधी वाचा.

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे इथपर्यंत सावली, पाणी आणि विश्रांतीने भागते. मूल असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या खाऊ लागले किंवा चिडून ओरडू लागले, की तो उष्माघात समजा. तेव्हा तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. बूट, पट्टा, स्कार्फ काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, ओली चादर घालून जोराने वारा घाला आणि १०८ ला फोन करा. आधी थंड करायचे, मग हलवायचे. बंद जीपमध्ये घालून तसेच पळवले तर वाटेतली वीस मिनिटे मेंदू तापतच राहतो.

इथे शिक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. उशिरा आला म्हणून उन्हात उभे करणे, मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, पाणी बंद करणे हे प्रकार स्काऊटिंगमध्ये ‘शिस्त’ म्हणून चालतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दमलेल्या, पाणी न प्यायलेल्या मुलाला उन्हात पळवणे हीच उष्माघाताची कृती आहे. ज्या शिबिरात हे दिसेल त्या शिबिरप्रमुखाला पुन्हा शिबिर देऊ नये.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजा पडतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस मोजून होत नसतील, तर मैदान सोडायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. आसरा म्हणजे पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली एसटी. तंबू आसरा नव्हे, एकाकी लिंब किंवा बाभूळ तर नव्हेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप शिबिरप्रमुखाच्या फोनमध्ये हवे.

रात्रीसाठी मच्छरदाणी. डासांपेक्षा ती मण्यारीसाठी हवी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. मच्छरदाणीच्या कडा सतरंजीखाली पक्क्या खोचल्या की हा धोका बराच कमी होतो. घोणस आणि फुरसे चालताना पायाला भेटतात. म्हणून अंधारात बॅटरी आणि बूट हवेतच. दंश झाला तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही नको. अवयवाला फळी किंवा लाठीचा आधार द्या, मुलाला चालू देऊ नका आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते तिथे आहे का, हे शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलेले असावे. विंचवाचेही गांभीर्य ठेवा. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलाच्या हृदयावर ताण येतो, आणि त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीच जगाला दाखवून दिले. मूल घामाने भिजले, उलट्या करू लागले, हातपाय गार पडले, तर कांदा-चुना चोळत वेळ घालवू नका. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत नाही, ही सवय पहिल्या दिवशीच लावा.

स्वयंपाकघरात सर्वांत घातक वस्तू म्हणजे जमिनीवर उतरवून ठेवलेले वरणाचे पातेले. पकडापकडी खेळणारे मूल मागे सरकत त्यात बसते. चुलीभोवती दोन मीटरवर दोर बांधा, आत फक्त पाळीचे तिघे. वाढप छोट्या बादलीतून. नायलॉनचे जॅकेट घालून चुलीपाशी नाही, कारण ते नुसते पेटत नाही, वितळून कातडीला चिकटते. भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे, घड्याळ लावून. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. जानेवारीच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेण्याचा मोह होतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेले मूल जागे होत नाही.

चाळीस माणसांच्या शिबिराला दिवसाला सहाशे लिटर पाणी लागते, त्यातले दोनशे पिण्याचे. टँकरचे पाणी पिण्याचे समजू नये. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, दुहेरी कापडातून गाळायचे आणि मगच क्लोरीन. गढूळ पाण्यात टाकलेले क्लोरीन मातीतच संपते. अर्ध्या तासाने किंचित वास आला पाहिजे. संडासाचा चर पाण्यापासून तीस मीटर, उताराच्या खालच्या अंगाला. मुलींसाठी आतून कडी लागणारे दार, पॅड आणि ते टाकायला झाकणाची बादली. या गोष्टी नसल्या की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात त्याच आधी कोसळतात.

दोरकामाबद्दल थोडक्यात. चौकोनी बांधणी सुटते ती बहुतेक वेळा आवळफेरे न दिल्याने. तीन फेरे बांबूभोवती, दोन फेरे त्या फेऱ्यांच्या मधून आवळून, दोन्ही टोकांना क्लोव्ह हिच. गुळगुळीत नायलॉनचा दोर यासाठी नको, गाठ सरकते. काथ्याचा किंवा सुती दोर घ्या आणि तो उलगडून मध्येच काळा पडला आहे का पाहा. ओला गुंडाळून ठेवलेला दोर आतून कुजतो. माणसाच्या उंचीच्या वर मनोरा नको. रॅपलिंग किंवा झिपलाइन ठेकेदाराकडून करून घेणार असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी झाली आहे का, हे कागद पाहून ठरवा.

स्ट्रेचरसाठी सोलापुरी चादर आणि दोन लाठ्या हे आपल्या मुलांना येतेच. चूक होते ती घडीत. एक लाठी चादरीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, तिच्यावरून घडी, दुसरी लाठी त्या घडीवर आणि उरलेला भाग पुन्हा तिच्यावरून आत. वजनानेच घडी घट्ट बसते. टोके नुसती गुंडाळली तर उचलताच उलगडतात. जुनी विरलेली चादर नको. आणि रुग्ण ठेवण्याआधी एखादा धडधाकट माणूस त्यावर निजवून फूटभर उचलून पाहायचा.

शिबिरांचा हंगाम आणि ऊस गळिताचा हंगाम एकच. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तेव्हा दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. पायी जाताना उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, एका रांगेत चालायचे. पुढे-मागे झेंडीवाला प्रौढ. सूर्य मावळल्यानंतर रस्त्यावरची हाईक नाही. प्रवास एसटीच्या करारावरच्या गाडीने, जितकी आसने तितकीच मुले. टेम्पो आणि जीप नकोत.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि आषाढी वारीत आपली मुले सेवा देतात, याचा अभिमानच आहे. मात्र दोर धरून गर्दी अडवण्याचे काम त्यांना देऊ नका. मागून रेटा आला की दोर धरणारा दोर आणि गर्दी यांच्यामध्ये चेपला जातो, आणि हात दोरात असल्याने तोंडही झाकता येत नाही. पाणी वाटणे, हरवलेल्यांची नोंद, प्रथमोपचार केंद्र ही कामे त्यांची. दोघांच्या जोडीने, दोन-दोन तासांच्या पाळीने. चंद्रभागेच्या वाळवंटात रात्री फक्त रोव्हर-रेंजर, म्हणजे मोठ्या वयाचे स्काऊट आणि गाईड.

मोजणीची पद्धत बदला. आकड्याने नको, नावाने घ्या, संघनायकाच्या तोंडून आणि लेखी : गाडीत चढताना, उतरल्यावर, पाण्याच्या किंवा तटबंदीच्या जवळ जाण्याआधी, जेवणानंतर, दिवे मालवताना, उठल्यावर. प्रत्येक मुलाला एक जोडीदार, आणि जोडीदार दिसत नाही हे सांगणे म्हणजे चुगली नव्हे, हे त्याला कळलेले असावे.

प्रौढांची छाननी करताना आपण संकोच करतो. ओळखीचा आहे, गुरुजींचा पुतण्या आहे, म्हणून विचारत नाही. मुक्कामी येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, ओळखपत्र आणि मागच्या दोन पथकांतून विचारपूस झालीच पाहिजे. आठ मुलांमागे एक प्रौढ, आणि कोणत्याही शिबिरात किमान दोन. एकटा प्रौढ आणि एकटे मूल बंद जागेत नाही. प्रौढांचा तंबू वेगळा. मुलांचे आंघोळीचे ठिकाण फोनपासून दूर. एखादे मूल काही सांगू लागले तर ‘चौकशी करून पाहू’ म्हणत ते संस्थेत जिरवता येत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलांच्या स्काऊट डायरीच्या पहिल्या पानावर छापा.

आमच्या मागण्या आता मोजक्या उरतात. या वर्षीचे नूतनीकरण सभेच्या हजेरीसह घ्या, हजेरी नसलेल्या पथकांची नावे वेगळी ठेवा. चार भाषांतला अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी शाळांना द्या. प्रत्येक निवासी शिबिराच्या जागेची पंधरा दिवस आधी, शिबिरप्रमुखाव्यतिरिक्त दुसऱ्या प्रशिक्षित माणसाकडून पाहणी करा आणि नको म्हणण्याचा अधिकार त्याला द्या. थोडक्यात टळलेल्या अपघातांची जिल्हा नोंदवही सुरू करा, नाव न घेता, शिक्षा न करता. सरकलेला पाय, सुटलेली बांधणी, चुकलेली मोजणी, सगळे तिच्यात यावे. आज या गोष्टी परतीच्या गाडीतच विरून जातात, म्हणून पुढच्या वर्षी दुसरे पथक त्याच जागी तीच चूक करते.

पाहणीला माणसे कमी पडतील, हे आम्ही जाणतो. सोलापूर उत्तर, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि बार्शी या तालुक्यांतल्या पहिल्या दहा जागा पाहायला आम्ही आमच्या खर्चाने येऊ. मोजपट्टी, दोर आणि नोंदवही आमची. तारखा आपण कळवाव्यात.

आपले,
पथके आणि शिबिरे चालवणारे स्काऊट मास्टर, गाईड कॅप्टन व प्रथमोपचार शिकवणारे कार्यकर्ते
सोलापूर